सर्व्हरवरचे चिमटे

"नंबर तोंडाने वाच. मनातल्या मनात वाचलेलं मी धरत नाय," असं म्हणत काका नव्या सर्व्हरच्या पत्र्यावर तळहात ठेवायचे. मी स्टिकरवरचा नंबर मोठ्याने वाचला की ते तो यादीत घालायचे आणि सर्व्हरच्या हँडलला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावायचे. निळा, प्लास्टिकचा, लालबागच्या बाजारातून आणलेला.

परळच्या एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही एकत्र होतो. मी दादरची, नवी डिग्री घेऊन आलेली. ते काळाचौकीच्या चाळीतले, वायरिंग करता करता सर्व्हरपर्यंत पोचलेले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शिक्षण विचारलं की नुसतं हसतात, आणि काम अडलं की सगळे त्यांनाच शोधत फिरतात.

चिमट्यामागे कारण होतं. नवा सर्व्हर कोरा येतो. सुरू केला की तो नेटवर्कच्या तारेवरून हाक मारतो आणि कोपऱ्यातलं आमचं एक जुनं मशीन त्याला उत्तर देतं. त्या मशीनमधल्या यादीत सर्व्हरचा नंबर असला, तर त्याच्या डिस्कवरचं असेल नसेल ते पुसून त्यावर एका सर्व्हरमध्ये अनेक कॉम्प्युटर नांदवणारं हायपरव्हायजर चढतं. "हायपरव्हायजर म्हणजे चाळ," काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "लोखंड एक, बिऱ्हाडं वीस. ह्याचा त्याला पत्ता नाय."

धोका एवढाच, की जुनं मशीन काही विचारत नाही. काम झाल्यावरही नंबर यादीत राहिला आणि पुढे कधी सर्व्हर बंद करून सुरू केला, तर नांदती बिऱ्हाडं पुसून सगळं पहिल्यापासून चढतं. म्हणून नंबर यादीत आहे तोवर चिमटा हँडलला. ज्याने नंबर काढला, त्यानेच मग चिमटा काढायचा.

"काका, हे सॉफ्टवेअरमध्ये करता येईल," मी म्हणायची.

"कर की गो बाय. तोवर चिमटा रव्हांदे."

मी ते कधी केलं नाही. मला त्या चिमट्यांची लाज मात्र वाटायची.

एकदा विश्वस्त आमची खोली बघायला येणार होते. त्याच सकाळी चार सर्व्हरवर हायपरव्हायजर चढवून झालं होतं, पण नंबर यादीतून काढायचे राहिले होते, म्हणून चारही चिमटे जागेवर होते. काका खाली ओपीडीत प्रिंटर बघायला गेले होते. पाहुण्यांना आपली खोली धोब्याकडची वाटायला नको म्हणून मी चिमटे काढून पर्समध्ये टाकले. ते गेले की परत लावू म्हटलं. पाहुणे आले, फोटो निघाले, चहा झाला, आणि मी विसरले. दुसऱ्या दिवशी काकांनी मोकळी हँडलं पाहिली. नंबर मी काढले असणार, असं त्यांनी धरलं. त्यांच्या पद्धतीत दुसरा अर्थच नव्हता. एक्स-रे विभागाची सगळी चित्रं त्यांनी त्यातल्या एका सर्व्हरवर हलवली.

आठ दिवसांनी, रविवारी दुपारी, विजेच्या कामासाठी सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं होतं. काकांनी एक्स-रेच्या सर्व्हरचं हँडल पाहिलं, चिमटा नव्हता, बटण दाबलं. पडद्यावर ओळी सरकू लागल्या तसा त्यांनी झेप घेऊन नेटवर्कची तार उपटली. तोवर डिस्क पुसली गेली होती.

"ह्याचा चिमटा कोणी काढला?" ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. तो प्रश्न त्यांनी मला परत कधीही विचारला नाही.

जुन्या चित्रांची प्रत दुसरीकडे ठेवलेली होती, पण शेवटच्या आठ दिवसांची गेली. काकांनी एकेका पेशंटला स्वतः फोन केला. "तुमचा फोटो माझ्या हातून पुसला गेला. परत यावं लागेल, माफ करा." वरळी कोळीवाड्यातल्या एका म्हातारीने फोनवर त्यांची बिनपाण्याने केली. ती आली त्या दिवशी ते फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि तिचा हात धरून तिला वर घेऊन आले.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "बटण कोणी दाबलं?"

"मी," काका म्हणाले.

ते खरंच होतं, आणि त्या खऱ्याच्या आडोशाला मी गप्प बसले. नंबर तोंडाने वाचायला शिकलेल्या मला त्या खोलीत तोंड उघडता आलं नाही. काकांना निवृत्तीनंतर एक वर्ष वाढवून द्यायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. महिनाअखेरीला ते निरोप समारंभाशिवाय गेले. जाताना मला म्हणाले, "जेवत जा वेळेवर." मी तेव्हाही काही बोलले नाही. भित्री होते, दुसरं काय म्हणू?

दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं, तेव्हा मी काळाचौकीला त्यांच्या घरी गेले. काकू एकट्याच होत्या. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, चिमटे मी काढले होते, काकांनी मला वाचवलं. बोलताना मला हलकं वाटत होतं, हेही सांगायला हवं. त्या ओरडतील किंवा माफ करतील, या दोन्हींची तयारी करून मी गेले होते.

काकू म्हणाल्या, "माका तर तेंनी सांगलेला, माझ्याच हातसून झाला म्हणून."

"हो."

"आमच्या गणपती मंडळाची लायटिंग तेच करीत. तीस वर्षां. त्या वर्षी निघाले, तर मी म्हटलंय, खंय चाललात? थंयपण कायतरी घालवन येशात. लोक हसतले. तेंनी पायात चप्पल घातलेली. काढल्यानी नि बसले. मगे कधी गेलेच नाय."

मी मान खाली घातली.

"आता सांगतंस गो?" काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आता मी कोणाक सांगू?"