गुळवेलीचा काढा

लेकीच्या मूत्रपिंडांवर तिच्याच रक्तातल्या पेशी तुटून पडल्यात, हे अण्णा नगरच्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. जंतूंशी लढायला ठेवलेल्या या पेशींनी घरच्याच माणसाला चोर ठरवलं होतं. औषधं त्यांना झोपवायला आहेत, असं बाई म्हणाल्या. मी मान डोलावली. त्यात मी पटाईत. सरकारी कारखान्यात जन्मभर दुसरं काय केलं?

पण गोळ्यांनी तिचा चेहरा सुजला, कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले आणि माझ्यातला सातारचा शहाणा जागा झाला. आमच्याकडे पोर अशक्त झालं की गुळवेल. इथे तमिळ मुलखात, तांबरमला, आमच्या इमारतीमागच्या कडुनिंबावर ती लोंबतच होती. काढ्याने प्रतिकारशक्ती वाढते, एवढंच डोक्यात. ती वाढू नये म्हणून तर औषधं चालू होती, हे त्या चित्रासकट मी विसरलो. रोज सकाळी काढा उकळून पेला तिच्या हातात देई. "बाबा, हे तुमचं रसम फार कडू आहे हं," असं म्हणत ती निमूट पिऊन टाकी.

दोन महिन्यांनी लघवीतून जाणारं प्रथिन वाढलं. बाहेरचं काही घेतेस का, बाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत लेक तमिळमध्ये म्हणाली, "हो, काढा घेत होते. नेटवर वाचून मीच करायचे."

बाई तिला फाडफाड बोलल्या. आम्ही ज्यांना झोपवतो त्यांनाच तू उठवत बसलीस, शिकलेली ना तू? ती खाली मान घालून ऐकत राहिली. मीही ऐकत राहिलो.

घरी येऊन मी वेल मुळासकट उपटली. "तुम्हाला बोललेलं मला ऐकवलं नसतं," लेक एवढंच म्हणाली आणि डबे घासायला गेली.

पुढे मूत्रपिंडं गेलीच. काढ्यामुळेच गेली असं नाही, आजारच वाईट होता, असं बाई सांगतात. पण तेही तिलाच सांगतात, तिची समजूत घालायला. "स्वतःला दोष देऊ नकोस," म्हणत तिच्या डोक्यावरून हात फिरवतात. डायलिसिसच्या खुर्चीतून ती "बरं" म्हणते. शेजारच्या स्टुलावर मी तिच्या चपला सांभाळत बसलेला असतो. मला लाज वाटते, आणि तरी मी गप्पच राहतो.