टाचेवरचा डाग

आईच्या टाचेला काळं कुरूप झालं, तेव्हा त्यावर बिब्बा मीच घातला. दाभणाला बिब्बा टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की कुरुपावर टेकवायचा, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आई सिन्नरच्या अलीकडे मळ्यात झेंडू करते आणि बाराही महिने अनवाणी हिंडते. मी नाशकात नोकरी करते, स्वतःला शहाणी समजते. पण बिब्ब्याच्या बाबतीत मी तिचीच लेक.

आठ दिवसांनी गेले तर डाग पसरलेला, कडा वेड्यावाकड्या. मी तिला तशीच उठवून गावात नेलं. आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंकडे मोबाइलला लावायचं भिंग होतं. त्यांनी आईचा पाय स्टुलावर ठेवून फोटो काढले आणि नाशकातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना पाठवले. भेगाळलेला पाय परक्या बाईला दाखवायचा म्हणून आई तो सारखा पदराने पुसत होती.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी माझ्या मोबाइलवर विचारलं, "डागावर आधी काही लावलं होतं का?"

मी लिहिलं, "नाही."

लाज वाटली, दुसरं काय! पदवीधर लेक आईच्या पायाला चटके देते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

लगेच उत्तर आलं, "मग उद्याच आणा. अशा डागात कधीकधी कॅन्सर निघतो." मी तिथल्या तिथे फोन लावला आणि सगळं कबूल केलं. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बिब्ब्याचा काळेपणा असेल तर कातडीबरोबर निघून जाईल. तरी प्रत्यक्ष बघितलेलं बरं."

आई कसली ऐकते! "दसऱ्याचा माल तोंडावर आलाय. त्यो निघाला की येते. तवर फोटू धाडा." बाईंनी नाइलाजाने पंधरा दिवस दिले, त्यावर एकही नाही. दर चौथ्या दिवशी नर्सताईंनी बाईंना आणि मला फोटो पाठवायचा, शेजारी शाळेची पट्टी ठेवून.

ते पंधरा दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. ऑफिसात, बसमध्ये, जेवताना मी मोबाइलवर ती टाच मोठी करकरून बघायची. मागच्या फोटोत इथपर्यंत होता का? की आजच दिसतोय? नवऱ्यावर, मुलांवर उगाच खेकसायची. देवापुढे मात्र एकच मागणं असायचं, हा डाग माझ्या चटक्याचाच असू दे.

दसऱ्याला मी माहेरीच होते. दुसऱ्या दिवशी भाजलेली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली. खाली डाग तसाच होता. फोटो बघून बाईंचा फोन आला, "उद्या सकाळी या. तुकडा काढून तपासू. अजून लहान आहे, आता थांबायचं नाही."

आई वाफ्याच्या कडेला बसली होती. या वेळी मी काहीच लपवलं नाही. कॅन्सरचं नावसुद्धा घेतलं.

तिने टाच वळवून डागावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजे बिब्ब्याचा नव्हता त्यो?"

"नाही."

"मंग लय बरं झालं. इतके दिस सोताचा जीव खात व्हतीस. तुझ्या हातनं काय नाय झालं, बाई."

आणि मला धीर द्यायला तिने माझा हात हातात घेतला.