पूल येण्याआधी

गुढियारी मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू रविवारी दुपारी फिरायला जातात, पण टीव्हीसमोर. लेकानं पाठवलेले बूट साडीखाली घालून खुर्चीत बसतात आणि मला म्हणतात, "लाव भैया."

मी इंटरनेटवरचा व्हिडिओ लावतो. कुणीतरी कॅमेरा घेऊन परदेशातलं एक डोंगराळ शहर सावकाश फिरतो. तो दिसत नाही, त्याची पावलं तेवढी ऐकू येतात. काकूंचा लेक त्याच शहरात नोकरीला होता. मागच्या वर्षी तिथल्या पुलावरून तो नदीत गेला. पडला की उडी मारली, कुणालाच माहीत नाही.

चढ लागला की काकू गुडघे धरतात. "थांबव, दम लागला." मी थांबवतो. पाणी पिऊन म्हणतात, "चाल आता." बेकरी दिसली की, "इथूनच पाव घेत असंन तो." त्यांना रडताना मी कधी पाहिलं नाही, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. रस्ता नदीकडे उतरू लागला की त्या म्हणतात, "बस, आलं घर." मी टीव्ही बंद करतो.

परवा नेमके रिमोटचे सेल गेले. मी तो तळहातावर आपटत राहिलो आणि व्हिडिओ नदीकडे उतरत राहिला. काकू उठल्या, टीव्हीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"पूल सरला की सांगजो."

थोड्या वेळानं पावलांचा आवाज बंद झाला.

"काहून थांबला तो?"

पडद्यावर कठडा होता आणि खाली पाणी.

"दम लागला असंन, काकू," मी म्हणालो.