पुतळाबाईचा वन्समोअर

आमच्या खालापूरच्या नाटक कंपनीत पुतळाबाईनं वीस वर्षं दासीच केली. राणीला वारा घाल, तबक धर, विंगेत जा. गळा मात्र असा, की भात लावताना हिनं सूर धरला तर बांधावरचा गडी थबकायचा. पण रूप काळंसावळं, म्हणून नायिका कधी नाय. मेल्यांना डोळे होते, कान नव्हते! मी ठकी, कंपनीचे कपडे शिवणारी. सगळं बघितलंय मी.

मग एकसष्ट साली रामभाऊ मालकांनी फ्रान्स देशातलं एक गाण्याचं नाटक मराठीत बसवायला घेतलं. प्रेमापायी घरदार सोडलेली पोर, शेवटी प्रियकराच्या मांडीवर गात गात मरते. तिचा परदेशी झगा मी जुन्या मच्छरदाणीचा शिवला. हसू नका, बरा दिसायचा. तालमी संपत आल्या आणि आमची नायिका पुण्याच्या कंपनीत पळाली. मालक म्हणाले, "पुतळे, आता तूच."

आणि नेमकी तेव्हाच हिच्या गळ्यात गाठ निघाली. पनवेलचा डॉक्टर म्हणाला, गाणं बंद करा, नाय तर आवाज कायमचा जाईल. हिचा नवरा कोंडीराम कंपनीचा पडदा ओढायचा. तो बापडा बायकोच्या पाया पडला.

"एकदाच रं," ती म्हणाली. "जलमभर तबकं धरली. एकदा मला गाऊ दे."

शेवटी ठरलं, बाकीची गाणी आखडायची, मरतानाचं तेवढं पुरं म्हणायचं, आणि ते संपताच कोंडीरामनं पडदा टाकायचा. कारण आमच्याकडची रीत! गाणं आवडलं की वन्समोअर. मेलेल्या माणसानं उठून पुन्हा गायचं आणि पुन्हा मरायचं.

चौक गावाला हमरस्त्यालगतच्या मांडवात दुपारचा खेळ होता. शेवटचं गाणं तिनं असं म्हटलं, आईशप्पत, ट्रकवालेसुद्धा डोळे पुसत होते. तिनं मान टाकली आणि मांडव उठला, "वन्समोअर!"

कोंडीरामनं दोरीला हात घातला. तिनं पडल्या पडल्या त्याच्याकडं बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. काय ते डोळे, देवा! त्याचा हात तिथंच राहिला.

ती उठली, गायली. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला, मग घोगरा झाला, मग नुसता वारा. पेटी वाजत होती, ओठ हलत होते. प्रियकर झालेला काळूराम रडायचं सोडून "पडदा, पडदा" करायला लागला. आणि लोकांना वाटलं, बाई काय मरतेय, खरोखर जीव चालल्यागत! टाळ्या, शिट्ट्या थांबेचनात.

कोंडीरामनं पडदा टाकला आणि धावला. ती त्याचा हात घट्ट धरून काहीतरी सांगत होती.

"काय गं? काय म्हणतेस? मोठ्यानं बोल ना!" तिच्या तोंडाला कान लावून तो पुन्हा पुन्हा विचारत होता. बाहेर वन्समोअर चालूच होता.