दुर्गेतला गंधार

दिघोरीच्या तलावावर मासे धरणारा बुधराम शहात्तर साली काविळीने गेला. मागे उरल्या तिघी: बायको गीताबाई, जवळजवळ आंधळी झालेली आई सखाबाई आणि हार्मोनियमची पेटी. पेटीला माणसांत मोजलं म्हणून हसू नका. त्या घरात तिला तेवढा मान होता. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात वाजलेली दुर्गा रागाची एक गत बुधरामने ऐकून ऐकून बोटांत बसवली होती. जाळं वाळत घातलं की रोज संध्याकाळी तीच गत. दुसरं काही त्याला येतही नव्हतं.

तो गेल्यावर सखाबाईने अन्न सोडलं. भात पुढे ठेवला की ताट सरकवायची. गीताबाईने पाया पडून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी एका संध्याकाळी हताश होऊन तिने पेटीवरचं फडकं काढलं. इतकी वर्षं नवऱ्याची बोटं पाहिली होती, त्या आधारावर चाचपडत गत वाजवू लागली. बोटं अडखळत होती, भाता मध्येच रिकामा पडत होता. पण म्हातारी उठून बसली. "बुधराम," एवढंच म्हणाली आणि दोन घास खाल्ले.

मग तो नेमच झाला. बाजारातून मासे विकून आली की राखेने हात घासायचे आणि पेटीपुढे बसायचं. "नवरा मरून वरीस नाही झालं, अन् हे पेटी वाजवून राहिली," असं शेजारची शकुनबाई विहिरीवर बोलली. शकुनबाईच्या घरी सासू उपाशी पडली नव्हती, तिला बोलायला काय जातं!

किराणा दुकानवाले केशवराव मंडईच्या नाटकांत पेटी वाजवत. एकदा रस्त्याने जाताना ते अंगणात थांबले.

"बाई, मध्यमावरून खाली येतेस ना, तिथं मधला गंधार लागून राहिला. दुर्गेत गंधार चालतच नाही."

गीताबाई शरमेने अर्धी झाली. चूक आपलीच, नवऱ्याची कशी असेल? तो गेला, आणि त्याच्या एकुलत्या एका गतीचं आपण वाटोळं करतोय, या विचाराने तिला रडू आलं.

"मले शिकवा जी भाऊ," ती म्हणाली.

केशवराव भला माणूस. त्यांनी सगळी गत बाजूला ठेवायला लावली. फक्त ती एक जागा घ्यायची, तीही अगदी सावकाश. मध्यमावरून बोट पुरतं उचलायचं, मगच रिषभावर ठेवायचं. जागा बसली की आधीचा तुकडा जोडायचा, मग पुढचा. गीताबाई बाजारात टोपलीच्या काठावरसुद्धा बोटं चालवायची, आणि गिऱ्हाईक भाव विचारून कंटाळायचं. हिवाळा असाच गेला. गंधार निघून गेला, लय स्थिरावली. "आता झाली दुर्गा," केशवराव म्हणाले, आणि बुधराम गेल्यापासून ती पहिल्यांदा मनापासून हसली.

पण म्हातारीचा घास कमी कमी होत चालला. गीताबाईला वाटे, अजून कसर राहिली असेल. ती आणखी घासूनपुसून वाजवी. म्हणतात ना, करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

एके दिवशी तिने बिनचूक गत वाजवली आणि ताट वाढलं. सखाबाईने हात लावला नाही.

"काहून खात नाही, आई? बेस नाही झालं का?"

"बेस झालं, बाई. पण माहा बुधराम नाही आला यात." म्हातारीने ताट सरकवलं. "त्याच्या बोटात मागूर माशाचा काटा घुसला होता ना. बोट उचलतच नव्हतं त्याचं. खाली येताना घासून जाये. मी तेच ऐकत होती."

ते ताठ बोट गीताबाईने वर्षानुवर्षं पाहिलं होतं, त्याला हळद लावली होती, आणि हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने भाता ओढला आणि गंधार लावला. तो स्वच्छ, वेगळा वाजला, मुद्दाम लावल्यासारखा. पुन्हा लावला. मधलं बोट ताठ धरून पाहिलं, नुसतं घासून पाहिलं. महिनोन् महिने शिकवलेलं बोट प्रत्येक वेळी आपसूक उचललं जात होतं.

"राहू दे, पोरी," सखाबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. "आता गेला तो."

गीताबाई पेटी सोडेना. ती गंधार शोधत राहिली, आणि दुर्गा शुद्ध वाजत राहिली.