उलट्या पिळाचा पेला

माझा हात थरथरतो म्हणून सिंगापुरात आल्यापासून सून मला पाणीसुद्धा स्टीलच्या पेल्यात देते. एकदा मुलगा मला जुन्या वस्तूंच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदारीण माझ्याच वयाची चिनी बाई होती. ती मऊ फडक्यानं दोन काचेचे पेले पुसत होती.

"इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातली जोडी आहे, विलायती दारूच्या पेल्यांची," मुलानं पेल्यांजवळची चिठ्ठी वाचली.

पेल्यांच्या बारीक दांड्यांत, काचेच्या आत, पांढऱ्या धाग्यांचा पीळ होता. मी जन्मभर घायपाताचे दोर वळले.

"ही जोडी नव्हे. एकाचा पीळ उलटा आहे."

"बाबा, त्यांना जास्त कळतं."

"काचेतलं कळत असेल. पिळातलं मला कळतं. सांग त्यांना."

त्यानं नाइलाजानं सांगितलं. बाईंनी दोन्ही पेले उजेडात धरले, बराच वेळ पाहिलं आणि त्या हसल्या.

"रोज पुसतात, पण कधी दिसलं नाही म्हणतात," हे मला सांगायची वेळ मुलावरच आली.

बाईंनी जोडीची चिठ्ठी काढून टाकली आणि उलट्या पिळाचा पेला माझ्यापुढं धरला. मुलगा घाईनं पुढं आला. बाईंनी मान हलवून त्याला थांबवलं.

मी पेला घेतला. हात थरथरत होताच. पण बाईंनी पेल्याखाली आपला हात धरला नाही.