मुर्तियाचा गोड हात

आमच्याकडं उजव्या हाताला गोड हात म्हणतात. देणं, घेणं, जेवणं सगळं त्याच हातानं. डाव्या हातानं कुणाला पाण्याचा पेला पुढं केलात, तर माणूस आधी तुमच्या तोंडाकडं बघतो आणि मग तुमच्या आईबापाचा उद्धार करतो. ही अक्कल गावातल्या पोरांना शिकवली कुणी? आयांनी? कसल्या शिकवतायत. मुर्तियानं शिकवली.

मी बालवाडीच्या फाटकाशी तळलेली केळी विकते, त्यामुळं आतलं सगळं मला कढईवरून दिसतं. मुर्तिया शिकवायची म्हणजे खेळायचीच. "मांजर बसलं गुडघ्यावर" म्हटलं की पोरांनी गुडघा धरायचा. "मांजर चढलं खांद्यावर" म्हटलं की खांदा. मधेच तोंडानं कान म्हणायची आणि स्वतः नाक पकडायची, की अर्धी पोरं फसायची आणि हसून हसून लोळायची. शेवट ठरलेला. "गोड हात कुठंय?" उजवे हात वर. "आणि दुसरा?" डावे पाठीमागं लपायचे. मग खाऊ. एखाद्याचा डावा हात पुढं आलाच, तर ती खाऊ मागं घ्यायची आणि नुसती त्याच्या चेहऱ्याकडं बघत बसायची. रागवायची नाही. पोर आपणच हात बदलायचं.

तिचा नवरा सुमात्राला रबराच्या मळ्यात गेला तो मेला तिकडचाच झाला. मूलबाळ नाही. ही बालवाडी काढून घेतली तर बाईजवळ उरतं काय? चूल आणि कोंबड्या.

गेल्या ईदनंतर तिला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. तरी ती कामावर आली. सकाळी पोरं ओळीनं येऊन बाईंचा उजवा हात नाकाला लावतात, मोठ्यांना नमस्कार करायची तशी रीतच आहे. ती डाव्या हातानं उजवा उचलून टेबलावर ठेवायची, ओला टॉवेल ठेवावा तसा. पोरं तो नाकाला लावून पुढं जायची. खाऊ ती टेबलावर मांडून ठेवायची, पोरं आपापला उचलून घ्यायची. पोरांना काही वाटलं नाही. वाटलं ते आयांना.

"आज खडू डाव्या हातात, उद्या खाऊही डाव्या हातानं देईल. पोरांनी काय शिकायचं?" माझ्याच कढईपाशी उभ्या राहून, माझीच केळी खात बोलायच्या. सगळ्या मुर्तियाच्याच हाताखालून गेलेल्या. मी एकीला सुनावलं, "तुझा शेंबूड पुसला तोच हात आहे गं तो."

"म्हणून काय झालं, ताई? रीत ती रीत."

शेवटी सरपंचांची बायको हार्तिनी आली. बालवाडीचा कारभार तिच्याकडं. बोलणं कसं, मधात बुडवलेलं.

"माझं काही नाही हो, मुर्तियाबाई. पण आया मागं लागल्यात. माझी भाची घरी रिकामीच आहे, तिला ठेवा म्हणतात. मी म्हटलं, पोरांनाच ठरवू दे. आज खाऊ तुम्ही वाटा. पोरांनी घेतला, तर सगळ्यांची तोंडं मी बंद करते."

असं म्हणून तिनं केळीच्या पानावरचे हिरवे लाडू समोर ठेवले. गूळ भरलेले, खोबऱ्यात घोळवलेले. आया खिडकीशी गोळा झाल्या.

मुर्तियाचा चेहरा उजळला. पोरं तिची होती ना. त्या दिवशी ती खेळली तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. मांजर गुडघ्यावरून पोटावर, पोटावरून कोपरावर, कोपरावरून हनुवटीवर. एकही पोर चुकलं नाही. "गोड हात कुठंय?" सगळे हात वर. तिचा तेवढा मांडीवर.

मग तिनं डाव्या हातानं एक लाडू उचलून गेंदिसपुढं धरला. गेंदिस म्हणजे तिची सगळ्यात लाडकी, एवढीशी पोर. तिनं दोन्ही हात मागं घेतले आणि नुसती बाईंच्या चेहऱ्याकडं बघत बसली.

"घे ना, बाळ."

"बाई, गोड हातानं द्या."

बाकीच्यांना वाटलं, नवा खेळ आहे. सगळी पोरं हात मागं बांधून हसत हसत एका सुरात म्हणायला लागली, "गोड हातानं, गोड हातानं."

खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "पेरलं तेच उगवलं."

मुर्तियानं उजवा हात उचलून टेबलावर घेतला. डाव्या हातानं त्याची बोटं एकेक करून उघडली आणि तळव्यावर लाडू ठेवला. हात पुढं सरकवायला गेली तर लाडू घरंगळून खाली पडला. तिनं दुसरा ठेवला. तोही पडला.

"राहू दे हो," हार्तिनी म्हणाली, "उगाच त्रास नका करून घेऊ." इतक्या मायेनं म्हणाली, की हातातला झारा फेकून मारावा असं मला वाटलं.

गेंदिस अजून वाटच बघत होती. मुर्तियानं तिच्या गालावर आलेली बट मागं सारायला डावा हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"शाब्बास," ती म्हणाली. "बरोबर आहे तुझं." आणि पान हार्तिनीकडं सरकवलं.

हार्तिनीनं उजव्या हातानं लाडू वाटले. पोरांनी उजव्या हातानं घेतले. एकही चुकलं नाही.